उस्तादाचा गुरुवार

"फोडू नको बे सुग्रीव, नारळ फोडू नको," म्हणत इलियास मिस्त्री दुकानातून बाहेर धावला, पण तोवर सुग्रीवनं पायरीवर नारळ आपटलाही होता. पाणी उडून दारात दुरुस्तीला आलेल्या मोटारीवर पडलं. सुग्रीवनं अर्धी वाटी उंबऱ्यावर ठेवली, चपला काढल्या, आत येऊन भिंतीवरच्या तसबिरीला हात जोडले आणि मगच तो इलियासकडं वळला.

"बोअरला पानी लागलं मिस्त्री. म्हनलो नव्हतो का, बाबा पावतेत म्हनून."

"कोन बाबा?"

"हेच की. आपले जझरीबाबा."

इलियासनं कपाळावर हात मारून घेतला. तसबिरीत बाबा नव्हताच. खरं तर कुणी माणूसही नव्हता. तसबिरीत होता एक पंप. जुन्या काळच्या लाल-हिरव्या शाईत काढलेला, समोरासमोर आडवे दोन सिलिंडर, मधे डुलणारा दांडा, खाली पाण्यात फिरणारं चाक. आता पंपाच्या चित्राला नमस्कार करणारं गाव अख्ख्या बीड जिल्ह्यात आमचं दिंद्रुड एकटंच असावं. पण त्यात सुग्रीवचा तरी काय दोष? सुरुवात इलियासनंच करून दिली होती.

बसस्टँडच्या रस्त्याला इलियासचं दुकान आहे. दुकानावर पाटी नाही. तिची कधी गरजही पडली नाही. विहिरीतनं मोटार काढायची, हातपंप उतरवायचा, ज्याला सगळा मुलूख फुटबॉल म्हणतो तो पाइपाच्या बुडाचा व्हॉल्व्ह बदलायचा, हे त्यानं आयुष्यभर केलं. पोरवयात तो माजलगावला एका उस्तादाच्या हाताखाली शिकत होता. एकदा पंप खोलता खोलता त्यानं विचारलं की उस्ताद, दुनियेतला पहिला पंप कुणी केला असेल. उस्तादानं एक थप्पड दिली आणि म्हणाला, "पहले पाना ठीक से पकड." थप्पड दुपारपर्यंत विसरली गेली. प्रश्न मात्र राहिला. लग्न झालं, अल्ताफ झाला, केस पांढरे झाले, तरी एखादा हटेल पंप खोलताना इलियासला वाटायचंच, हे पहिल्यांदा सुचलं कुणाला?

काही वर्षांपूर्वी तो शाळेच्या टाकीची मोटार बघायला गेला होता. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. परमेश्वर गुरुजींनी जुन्या काळच्या शोधकांचे तक्ते भिंतीला लावले होते, आणि त्यातल्या एकावर हे चित्र होतं. इलियास त्या तक्त्यासमोर उभा राहिला तो हललाच नाही. गुरुजींनी त्याला सगळं सांगितलं. दजला आणि फुरात या दोन नद्यांच्या मधल्या मुलखातला हा माणूस. नाव इस्माईल, मुलखाचं नाव जझीरा म्हणून अल-जझरी. आठशे वर्षांपूर्वीचा. त्यानं हत्तीच्या पाठीवर पाण्यानं चालणारं घड्याळ केलं होतं. राजाच्या हातावर पाणी ओतणारा पुतळा केला, नावेत बसून आपोआप वाजवणारे वादक केले, अक्षरं जुळवून उघडायची कुलपं केली. चित्रं काढायचा, धातू ओतायचा, हिशेब करायचा, सुतारकीही त्याला यायची. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, यातलं प्रत्येक यंत्र कसं करायचं ते त्यानं लिहून ठेवलं, चित्रांसकट. कुठला भाग कशाचा, कुठं बसवायचा, नाही बसला तर काय करायचं, सगळं. जे स्वतः करून पाहिलं तेच लिहिलं. त्या दिवशी शाळेची मोटार संध्याकाळपर्यंत तशीच खोललेली पडून होती आणि पोरं घरी जाऊन पाणी प्यायली.

गुरुजींनी चित्र छापून दिलं. इलियासनं त्याला चौकट केली. कारागिराच्या घरात उस्तादाच्या नावानं फातिहा द्यायची, म्हणजे गेलेल्यासाठी दुआ वाचून गोड वाटायची रीत असते, तशी त्यानं या उस्तादाच्या नावानं सुरू केली. उस्ताद कुठल्या दिवशी वारला ते ठाऊक नव्हतं, म्हणून उन्हाळा लागला की येणारा पहिला गुरुवार धरला, कारण विहिरींची पाणी खाली जातात आणि मिस्त्रीची आठवण गावाला येते ती तेव्हाच. सकाळी दुकान झाडून काढायचं. पाने, पकडी, हातोड्या तेलानं पुसून तसबिरीखाली मांडायच्या. बायको अजमतबी चपात्या चुरून, गूळ-तूप घालून मलिदा करायची. फातिहा झाला की येईल त्याच्या हातावर मलिदा.

आमच्या लोकांना यात नवीन काहीच वाटलं नाही. दसऱ्याला आपण हत्यारं पुजतो, तसंच हे. त्यांचं गुरुवारी असतं. पहिल्या वर्षी शेजारच्या चार जणांनी मलिदा खाल्ला. दुसऱ्या वर्षी कुणाची तरी वारंवार जळणारी मोटार, मालक नमस्कार करून गेल्यावर, जळायची थांबली. तिथून जे सुरू झालं ते इलियासच्या हातात राहिलं नाही. खिडकीच्या गजाला लाल-हिरवे दोरे आले. नव्या बोअरच्या आधी लोक नारळ घेऊन यायला लागले. धारूरचा एक जण तर नवा कोरा स्टार्टर दर्शनाला घेऊन आला होता, तो त्यानं तसबिरीला टेकवला आणि मिस्त्रीशी एक शब्द न बोलता परत नेला. इलियास ज्याला त्याला समजावून थकला. लोक नीट ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि जाताना तसबिरीच्या पाया पडायचे.

मशिदीतल्या मोठ्या माणसांनी त्याला एकदा बाजूला घेऊन हळूच विचारलं की हे काय चाललंय. बीडला सोलर पंप बसवायचं काम करणारा अल्ताफ फोनवर जरा चिडूनच बोलला. अब्बांनी दर्गा काढलाय असं लोक म्हणतात, आता दुकान बंद करा आणि बीडला राहायला या, असं त्याचं म्हणणं पडलं. इलियासनं ऐकून घेतलं. पण त्याला जे लागलं होतं ते वेगळंच होतं, आणि ते तो एकट्या अजमतबीशी बोलला. त्या माणसानं रात्र-रात्र जागून, पितळ घासून, चुकत-चुकत हे केलं असेल. बाबा म्हटलं की मग ते त्याला बसल्या जागी जमलं असंच झालं. करामत म्हटलं की मेहनत गेली.

यंदा तर इलियासनं ठरवलंच होतं की गुरुवार करायचाच नाही. त्याला आणखी एक कारण होतं. हिवाळ्यापासून त्याचे हात थरथरायला लागले होते. नट आटीवर बसायचा नाही, हातातून सुटून घरंगळत जायचा. बीडच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि आहे ते कमी होणार नाही, फक्त वाढायचं लांबेल एवढं सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा अजमतबी पुढं बसून नट लावून द्यायची. गावाला हे माहीत नव्हतं. चाळीस वर्षं ज्या हातांवर गाव विसंबून राहिलं ते हात असे झालेले गावानं बघावेत हे इलियासला सहन होणारं नव्हतं. लाज वाटायची त्याला, दुसरं काही नाही.

अशात मंजुळाबाई आली.

धारूरच्या डोंगराच्या अंगाला मेंढपाळांची वस्ती आहे, तिथली ही म्हातारी. काळीपिवळी जीपमध्ये बसून आली होती, आणि काखेत एक करडू. जझरीबाबाला वाहायचंय म्हणाली. इलियासनं तिला बसवलं, पाणी दिलं, आणि नेहमीची कथा पहिल्यापासून सांगितली: बाबा नाही, माणूस होता, मिस्त्री होता, आठशे वर्षांपूर्वी वारला. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकलं. करडू तोवर दुकानातली दोरी चघळत होतं.

"म्हंजी तुज्यावानीच व्हता?" तिनं विचारलं.

"माज्यापेक्षा लई मोठा, मावशी. पन जात तीच. हातानं करून खानारी."

"मंग त्यानं जे केलतं ते तू कर. मला पानी पायजे. बाबा देऊ दे न्हाईतर मिस्त्री देऊ दे."

मग तिनं सांगितलं. वस्तीला दगडी पायऱ्यांची जुनी विहीर आहे, पाणीही आहे, पण पार खाली. विजेचा खांब अलीकडच्या वळणावरच थांबलाय. बाया घागरी घेऊन पायऱ्या उतरतात. थंडीत तिची सून बबिता भरल्या घागरीसकट घसरली आणि तिचा पाय मोडला. आता कुठं ती लंगडत चालायला लागली होती, आणि लागल्या लागल्या परत घागर घेऊन खाली. म्हातारी हे सांगताना रडली नाही. फक्त करडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

ती गेल्यावर इलियास बराच वेळ तसबिरीकडं बघत बसला. घरी जाऊन अजमतबीला म्हणाला की गुरुवार करायचा. पण दुकानात नाही, त्या विहिरीवर करायचा, आणि मलिद्याबरोबर पंप न्यायचा. चित्रातला पंप. लोकांनी डोळ्यांनी बघू दे तो माणूस काय होता ते. अजमतबीनं त्याच्या हातांकडं पाहिलं. तो म्हणाला, "अब नहीं तो कब?"

पुढं दिवसचे दिवस दुकानाचं दार अर्धं ओढलेलं असायचं. मोडीत निघालेल्या हातपंपांचे दोन सिलिंडर त्यानं घासून घेतले. चित्रात चाक नदीनं फिरतं. डोंगरावर नदी कुठली, म्हणून त्यानं चाक काढलं आणि दांडा लांब करून त्याला माणसानं ढकलायची मूठ लावली. दांडा एकीकडं गेला की एक सिलिंडर पाणी ओढणार आणि दुसरा वर ढकलणार, परत आला की उलट. म्हणजे धार तुटायची नाही. हे इतकं साधं होतं की इलियासला हसूच आलं, आणि इतकं अवघड होतं की पहिल्या दोन खेपेला काहीच जुळलं नाही. आपण चित्राचा अर्थ चुकीचा लावला होता हे तिसऱ्या खेपेला कळलं तेव्हा त्यानं तसबिरीकडं बघून कान पकडले. कातड्याचे वायसर आणि पाणी परत न जाऊ देणारे पडदे अजमतबीनं कापले आणि गोड्या तेलात भिजत घातले. नट तिनंच लावले. इलियास सांगायचा आणि ती करायची, आणि दोघं पोरांसारखी भांडायची.

गुरुवारी सकाळी टेम्पो निघाला तेव्हा मागून निम्मं दिंद्रुड निघालं. मोटारसायकली, एक जीप, आणि सगळ्यांत पुढं सुग्रीव. बाबाची स्वारी डोंगरावर चाललीय अशी बातमी पसरली होती. इलियासनं कुणाला अडवलं नाही. बघायला माणसं हवीच होती.

विहिरीत पाण्याच्या थोडं वर रुंद पायरी होती, तिथं पंप बसवला. एक पाइप खाली पाण्यात सोडला, एक वर जनावरांच्या दगडी डोणीपर्यंत नेला. वस्तीवरच्या बाया, पोरं, मेंढ्या, दिंद्रुडची माणसं, सगळी काठावर वाकून उभी होती. इलियासनं पंपात लोटाभर पाणी ओतलं, कारण कुठल्याही पंपाला आधी पाणी पाजावं लागतं, मग तो ओढतो. आणि मूठ धरून दांडा ढकलला.

पाणी आलं नाही. त्यानं परत ढकलला. एका बाजूला घट्ट ओढ लागत होती, दुसऱ्या बाजूला नुसती हवा फुसफुसत होती. वर काठावर कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं नारळ फोडायचा राहिला. कुणी म्हणालं मंजुळाबाईनं करडू नवसाला बोललं होतं, ते दिलं नाही, म्हणून बाबा कोपला. मंजुळाबाईनंही घाबरून करडाची दोरी हातात घेतली. इलियासला खाली सगळं ऐकू येत होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलं नाव गेलं तर जाऊ दे, पण ज्यानं आठशे वर्षं कुणाला तोंडघशी पाडलं नव्हतं त्याच्या नावावर आज आपल्यामुळं बकरं कापलं जाणार होतं.

त्यानं पाना उचलला. पाना नटावर लागेना. सगळ्या गावासमोर त्याचे हात थरथरत होते, पाना लोखंडावर टकटक वाजत होता, आणि विहिरीत तो आवाज फार मोठा येत होता. वरची कुजबुज थांबली. माणसांना तेव्हाच कळलं. अजमतबी गर्दीतून वाट काढत पायऱ्यांकडं निघाली, पण तिच्या आधी बबिता खाली उतरली. एक हात भिंतीला धरून, दुखऱ्या पायावर भार न टाकता. ती इलियासजवळ बसली आणि तिनं पाना मागितला.

"कसं करायचं ते सांगा, मामा. हात माजे घ्या."

इलियासनं पाना दिला आणि सांगायला लागला. हा नट आधी, तो नंतर. डावीकडं फिरव. झाकण ओढू नको, हलवून काढ. बबितानं झाकण काढलं, कातडी पडदा उचलला आणि त्याच्याखालून बोटानं काहीतरी ओढून काढलं. ओल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या, चांगल्या मूठभर. त्यामुळं पडदा नीट बसतच नव्हता.

वर सगळ्यांनी सुग्रीवकडं बघितलं, कारण सुग्रीव खाली मान घालून उभा होता. सकाळी टेम्पो भरताना त्यानंच पंपाच्या तोंडात फुलं घातली होती. वर चिमूटभर साखरही.

"बाबाचं तोंड गोड केलतं," तो कसाबसा म्हणाला.

"बाबा असते तर गिळलं असतं बे फूल," इलियास खालून म्हणाला. "हा पंप हाय. याला पानीच लागतंय."

आधी एक जण हसला, मग सगळी विहीर हसायला लागली. सुग्रीवही हसला, काय करणार. बबितानं पडदा धुतला, बसवला, नट आवळले. इलियासनं परत पाणी पाजायला लावलं आणि मूठ तिच्याच हातात दिली. तिनं दांडा ढकलला, ओढला, ढकलला. पाइपातून गुळगुळ आवाज वर चढत गेला, आणि डोणीत धार पडली. दांडा गेला तरी पडत होती, आला तरी पडत होती, मधे कुठं तुटत नव्हती.

कुणीतरी बाबाच्या नावाचा जयजयकार करायला तोंड उघडलं, पण शेजारच्यानं त्याला थांबवलं. लोक वाकून दांड्याकडं बघत होते. हा इकडं आला की तो तिकडं कसा, असं एकमेकांना हातानं करून दाखवत होते. सुग्रीव पायऱ्या उतरून खाली आला आणि पहिल्यांदाच त्यानं नमस्कार न करता विचारलं, "मिस्त्री, ह्ये दोन्ही एका दांड्यावर कावून ठेवले?" इलियासनं त्याला सांगितलं. इतक्या वर्षांत उस्तादाबद्दल कुणी पहिल्यांदा असं काही विचारलं होतं.

मग अजमतबीनं काठावर मलिद्याची परात ठेवली, इलियासनं फातिहा दिला, आणि वस्तीवरच्या रिवाजाप्रमाणं नवं पाणी आधी जनावरांना पाजलं. मेंढ्या डोणीला भिडल्या. ज्याचा जीव जायचा होता ते करडूही त्यांच्यात घुसलं. मंजुळाबाई इलियासजवळ येऊन टेकली.

"नाव काय म्हनलास त्याचं?"

"इस्माईल."

"आन त्याच्या मायचं?"

हत्तीचं घड्याळ इलियासला पाठ होतं, कुलपं पाठ होती. हे त्यानं गुरुजींना कधी विचारलं नव्हतं.

"ठाव न्हाई, मावशी."

"आसू दे. कुन्या माउलीचं लेकरू, एवढा शहाना निगाला. तिकडं कुठं ती आन हितं माजी सून पानी वडतीय." म्हातारीनं दोन्ही हात पंपाच्या दिशेनं ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर टेकवून कडाकडा बोटं मोडली, दूर गेलेल्या पोराची दृष्ट काढावी तशी.

मग तिची नजर इलियासच्या हातांवर गेली. मांडीवर ठेवले होते तरी ते थरथरत होते. गावाला दिसले होते, आता लपवून उपयोग नव्हता, आणि त्यानं लपवलेही नाहीत. मंजुळाबाई जरा पुढं सरकली. तिनं आपले खरबरीत तळवे त्याच्या पांढऱ्या दाढीवरून, तोंडावरून फिरवले आणि परत कानशिलांवर नेऊन बोटं मोडली. इलियास मान खाली घालून बसून राहिला. खाली विहिरीत बबिता दांडा ओढत होती.